तापट स्वभाव, ताण आणि हृदय: स्वतःची तपासणी कशी करावी

कुणाला अचानक हार्ट अटॅक आला की भेटायला जमलेल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डोक्याला ताप फार होता हो त्यांच्या." दुसरं कुणी म्हणतं, स्वभावच तसला, नाकावर राग. यात तथ्य आहे. पण ते नेमकं कुठे आणि किती आहे हे कळलं नाही, तर माणूस दोनांपैकी एक चूक करतो. 'स्वभावाला औषध नाही' म्हणून सगळं सोडून देतो, किंवा 'आपण तर शांत डोक्याचे' म्हणत वर्षानुवर्षं ब्लड प्रेशर मोजत नाही. माझं मत असं की स्वभावाचा शिक्का शोधण्यात वेळ घालवू नये. राग कधी येतो आणि ताण आला की हात कुठे जातो, एवढं पाहावं. ते कसं पाहायचं ते पुढे आहे, पण त्याआधी या शिक्क्याची कुळकथा.

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये 'टाइप ए' वागणुकीवर निबंध लिहिला. सतत घाईत, चढाओढीत, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणारी, रांगेत तळमळणारी माणसं म्हणजे टाइप ए. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांचं कापड फक्त पुढच्या कडेला झिजलेलं होतं, कारण रुग्ण टेकून बसतच नव्हते, ही गोष्ट फ्रीडमन नंतर सांगत. १९६० च्या सुमारास त्यांनी ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ निरोगी पुरुषांची पाहणी सुरू केली. साडेआठ वर्षांनी दिसलं की टाइप ए पुरुषांत हृदयविकार इतरांच्या साधारण दुप्पट होता. झालं, शब्द घरोघरी पोचला.

पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली. १९८० च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध सापडेना. त्याच पुरुषांचा बावीस वर्षांनंतरचा हिशेब १९८८ मध्ये आला, तेव्हा एकदा हृदयविकार होऊन वाचलेल्यांत टाइप ए मंडळी उलट जास्त टिकलेली निघाली! आणखी एक गोष्ट बरीच उशिरा उघड झाली. या संशोधनाला फिलिप मॉरिससारख्या सिगारेट कंपन्यांकडून पैसा मिळत होता. 'सिगारेट नव्हे, स्वभाव मारतो' असं ठसलं तर त्यांना हवंच होतं. या सगळ्या चाळणीतून जे खाली उरलं ते मुख्यतः एक: वैरभाव, म्हणजे चटकन येणारा राग आणि समोरचा माणूस वाईटच असणार असा कायमचा संशय. नुसती घाई किंवा कामाची हौस याने हृदय बिघडतं असं म्हणायला फारसा आधार नाही.

१. आधी आकडे, मग स्वभाव

२००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. हार्ट अटॅकच्या धोक्याचा बहुतांश भाग नऊ गोष्टींनी उलगडतो असं त्यात दिसलं. मानसिक ताण त्या नऊंत आहे, पण तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्या पंगतीत. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून कळलं. त्यामुळे चाळिशीच्या आत एकदा तरी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर लिहून ठेवा.

ब्लड प्रेशर घरी मोजणार असाल तर आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. घरचा आकडा वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर 'आज जरा टेन्शन होतं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

२. रागाची नोंद ठेवा

आठवडाभर मोबाइलमध्ये किंवा एखाद्या वहीत लिहा: राग कधी आला, कुणावर, किती वेळ टिकला, आणि त्या वेळी अंगात काय झालं. दात आवळले, कान तापले, छातीत धडधडलं, जे असेल ते. फ्रीडमन आणि रोझेनमन मुलाखतीत उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा पाहत, कारण "मला कुठे राग येतो?" हे टेबल आपटून सांगणारेही असतात. म्हणून तुमची वही घरातल्या एखाद्या माणसाला दाखवा. बायको किंवा मुलगी दोन ओळी वाढवेल आणि त्या दोनच बहुधा खऱ्या असतील.

रागात ॲड्रिनलिन वाढतं, नाडी आणि दाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. धमनीत आधीच चरबीचा थर साचला असेल तर तो अशा वेळी फुटू शकतो. रागाचा भडका उडाल्यानंतरच्या दोन तासांत अटॅकची शक्यता वाढते, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. निरोगी तरुणासाठी ही वाढ नगण्य. आधीच धोका असलेल्यासाठी, त्यातही रोज चार वेळा भडकणाऱ्यासाठी, ती नगण्य राहत नाही.

३. ताण आला की हात कुठे जातो ते पाहा

ताणाचं बरंचसं नुकसान आडवाटेने होतं. साहेब बोलले की टपरी. घरात भांडण झालं की मळलेली तंबाखू किंवा गुटखा. बायकांमध्ये मशेरी, तिला तर कुणी व्यसन म्हणतच नाही. रात्री जागरण, सकाळचं फिरणं बुडालं, बीपीची गोळी विसरली, जेवणाऐवजी वडापाव. वहीत रागाच्या शेजारी हेही लिहा. माझ्या मते या यादीतली तंबाखू सुटली तर बाकी स्वभाव जसाच्या तसा राहिला तरी चालेल. सोडायला डॉक्टरांची मदत घ्या. नुसत्या निर्धारावर फार थोड्यांची सुटते.

४. हातात काय आहे ते वेगळं काढा

मोठ्या साहेबांना जास्त ताण, म्हणून जास्त अटॅक, ही समजूत ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या अभ्यासाने उलटवली. १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा हृदयविकाराने मृत्यू वरच्यांच्या जवळपास तिप्पट होता. त्यातला काही भाग सिगारेटने समजावता येतो, सगळा नाही. नंतरच्या पाहणीत कामावर स्वतःचा ताबा नसणं हे एक कारण पुढे आलं. म्हणजे कामाचा ढीग एकवेळ सोसतो, पण कधी, कसं, किती करायचं हे दुसराच ठरवत असेल तर ते जास्त जाचतं. शिफ्ट बदलून घेणं, रात्री नऊनंतर ऑफिसच्या ग्रुपला उत्तर न देणं, हप्त्यांचा हिशेब एकदा घरात उघड मांडणं, असा एक तरी ताबा या महिन्यात परत मिळवा. सगळ्यांनाच हे जमणार नाही. नोकरीच तशी असेल तर दोष तुमच्या स्वभावाचा नाही, एवढं तरी ओळखा.

५. घाईचा सराव मोडा

फ्रीडमन यांनी अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना गटांत बसवून वागणूक बदलायला शिकवलं. मुद्दाम लांब रांगेत उभं राहा, गाडी संथ लेनमधून चालवा, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या, अशा कवायती त्यात होत्या. साडेचार वर्षांत त्या गटात पुन्हा हृदयाचा झटका येण्याचं प्रमाण १२.९ टक्के राहिलं, फक्त हृदयाविषयी नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत २१.२ टक्के. कवायतींचा गुण किती आणि नियमित भेटणाऱ्या सोबत्यांचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. म्हणून दोन्ही घ्या. टोलनाक्यावर लेन बदलू नका. सकाळी फिरायला एकट्याने जाण्याऐवजी कट्ट्यावरची मंडळी गाठा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरतं.

राग चढत असतानाच करायचं असं एकच: श्वास सावकाश करा, मिनिटाला सहाच्या आसपास, बाहेर सोडताना जास्त वेळ. पाच मिनिटं. ज्यांना अनुलोम-विलोम येतो त्यांनी तोच करावा, नवीन काही शिकायला नको. व्हॉट्सॲपवरचं उत्तर या पाच मिनिटांनंतर लिहा.

६. अबोल माणसांनी हेही वाचावं

मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी 'टाइप डी' सुचवला: मनात सतत काळजी आणि खिन्नता, पण कुणापाशी बोलायचं नाही. सुरुवातीचे निष्कर्ष ठळक होते, पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते तितके टिकले नाहीत. नैराश्याचं तसं नाही. नैराश्य आणि हृदयविकार यांचा संबंध पक्का आहे, आणि अटॅकनंतर नैराश्य आलं तर माणूस गोळ्या, पथ्य, चालणं सगळंच सोडतो. दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, किंवा आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

७. डॉक्टरांकडे वही न्या

"टेन्शन असतं" एवढंच सांगून उठू नका. घरचे बीपीचे आकडे, तंबाखू किती, झोप किती तास, वडील-भावांपैकी कुणाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणींपैकी कुणाला ६५ च्या आत अटॅक आला का, हे सांगा. चालताना छातीत दाब येतो आणि थांबलं की जातो, असं होत असेल तर ते सगळ्यांत आधी.

आणि जे थांबूनही जात नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, दरदरून घाम फुटतो, बायकांमध्ये किंवा मधुमेह्यांमध्ये नुसती धाप, मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं, तेव्हा ओवा, सोडा, पित्ताची गोळी घेऊन वाट पाहू नका. भांडणानंतर झालं म्हणून 'रागाने झालं असेल' असंही म्हणू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो अशा जवळच्या रुग्णालयात पोचा.