मिशनऱ्यांना पत्र लिहिताना या चुका टाळा

मिशन क्षेत्रातल्या कुटुंबांना पत्रं पाठवायचं आमच्या महिला मंडळाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पाकिटं बंद करण्याआधी मी सगळी पत्रं वाचते, आणि दर वर्षी त्याच चुका सापडतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे त्यांचं पत्र चारचौघांत फिरवणं. मेळघाटात सेवा करणाऱ्या एका जोडप्यानं आम्हाला प्रार्थनेसाठी कळवलं होतं. नुकताच विश्वासात आलेला एक तरुण, त्याचं नाव, पाड्याचं नाव, घरचा विरोध, सगळं त्यात होतं. आमच्यातल्या एका बहिणीनं कळकळीनंच त्या पत्राचा फोटो काढून तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात तो फोटो त्याच पाड्यावर पोचला. त्या तरुणाला घर सोडून मामाकडे जावं लागलं. जोडप्याला दोन महिने तिकडे फिरकता आलं नाही. पुढे त्यांची पत्रं यायची, पण चार ओळींची: आम्ही बरे आहोत, सलाम. पुन्हा मोकळेपणानं लिहायला त्यांना दीड वर्ष लागलं. तेव्हापासून मी प्रार्थनेचे विषय वहीत हातानं उतरवून घेते, नाव-गाव वगळून. सभेत तेवढंच वाचते. पाड्याचं नाव देवाला माहीत आहे.

दुसरी चूक साधी दिसते: ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ एवढं लिहून सही. कशासाठी करता? बायबलमधला प्रेषित पौल तुरुंगातून कलस्सै इथल्या मंडळीला लिहितो तेव्हा देवाचं वचन सांगायला दार उघडावं म्हणून प्रार्थना मागतो. आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, तर त्रोवस शहरात कार्पाकडे राहिलेला झगा नि पुस्तकं आणायला सांगतो, आणि हिवाळ्याआधी ये म्हणतो. इतकं नेमकं. आपणही तसंच विचारावं: तिथली कोरकू भाषा बोलणं कितपत जमायला लागलं, मुलीची दहावी कशी चालली आहे, हातपंपाला पाणी आहे का. मंगळवारच्या प्रार्थनेत ज्या विषयासाठी गुडघे टेकले, तो मी त्याच संध्याकाळी पत्रात लिहिते. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की शब्द कोरडे होतात. नव्या मुली एकच वचन वीस कुटुंबांना पाठवून मोकळ्या होतात. त्यापेक्षा वर्षभर एकाच कुटुंबाला लिहा.

‘बाप्तिस्मे किती झाले?’ हे कधीही विचारू नका. मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारे मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये १७९३ च्या नोव्हेंबरात उतरले, आणि तिथला त्यांच्या हातचा पहिला बंगाली बाप्तिस्मा, कृष्ण पालचा, १८०० च्या डिसेंबरात झाला. मधल्या सात वर्षांत त्यांचा लहान मुलगा गेला, पत्नीचं मन ढासळलं. त्या काळात कोणी त्यांना आकडा विचारणारं पत्र लिहिलं असतं, तर ते वाचताना त्यांना काय वाटलं असतं?

उपदेश नको. देणगीचा हिशोब पत्रात विचारू नका, त्याला खजिनदार आहेत. ‘उत्तराची घाई नाही’ हे शेवटी जरूर लिहा, नाहीतर दमलेला माणूस रात्री कंदिलाखाली उत्तर लिहीत बसतो. मुलांना त्यांच्या नावानं वेगळं पाकीट पाठवा.

आणि जून ते सप्टेंबर बॉलपेननंच लिहा. शाईचं पत्र एकदा भिजलं की वाचता येत नाही.