बंद पडलेली पद्मिनी कमी खर्चात पुन्हा रस्त्यावर आणताना

नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी या ठाण्याच्या जुन्या वस्त्यांमध्ये इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या, की वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्यांचा प्रश्न अचानक पुढे येतो. त्यांत प्रीमियर पद्मिनी हमखास असते. गाडी भंगारात द्यायची की पुन्हा चालू करायची, याचा निर्णय घरात बहुधा घाईने होतो आणि चालू करायचे ठरले, की पहिले काम म्हणून नवी बॅटरी लावून सेल्फ मारला जातो. पैसा वाया जाण्याची सुरुवात तिथेच होते, कारण पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे, ते बहुतेक वेळा पुन्हा बोलते. गाडी परवडेनाशी होते ती कागद, पत्रा आणि ब्रेक यांमुळे. म्हणून या तिन्हींचा हिशेब आधी लावावा आणि इंजिनाला त्यानंतर हात घालावा.

कागदांची तपासणी घरबसल्या करता येते. केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची सद्यःस्थिती पाहावी. ठाण्याची एमएच-०४ ही मालिका येण्यापूर्वीच्या जुन्या क्रमांकाची गाडी असेल, तर तिची माहिती संगणकावर चढलेलीच नसण्याची शक्यता असते. अशा वेळी मूळ आरसी पुस्तक घेऊन परिवहन कार्यालयात नोंद चढवून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नमुना २५ मध्ये अर्ज करून ती पुढील ५ वर्षांसाठी वाढवता येते. २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा धरावा. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर नमुना ३१ भरून ती आधी वारसाच्या नावावर करावी. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रविवारी सहज येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे असेल, तर साधे नूतनीकरणच करावे.

पद्मिनीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, संपूर्ण बॉडीच भार पेलते, त्यामुळे पत्र्याची परीक्षा इंजिनाच्या परीक्षेपेक्षा कठोरपणे करावी. पायाखालची मॅटिंग उचलावी आणि जमिनीच्या पत्र्यावर, दारांखालच्या पट्ट्यांवर, जॅक लावण्याच्या जागांवर आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांजवळ स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. घट्ट पत्रा वाजतो, कुजलेला दबतो किंवा त्यातून तांबडा भुगा गळतो. दाराचे किंवा मडगार्डचे भोक हे सौंदर्याचे काम आहे आणि ते थांबू शकते. पाट्यांच्या टेकूजवळचे भोक थांबू शकत नाही. तिथे जोडकाम मोठे निघाले, तर सगळा अंदाज नव्याने बांधावा, आणि गाडी विकत घेण्याचा विचार असेल तर सरळ माघार घ्यावी.

पैशांची विभागणी कशी करावी, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. हाती असलेल्या रकमेतील निम्मी ब्रेक, टायर आणि पेट्रोलची वाट यांसाठी राखावी, एक चतुर्थांश इंजिन आणि वायरिंगसाठी ठेवावी आणि उरलेल्या भागाला कामाच्या शेवटापर्यंत हात लावू नये, कारण न दिसलेला खर्च निघतोच. डेंटिंग-पेंटिंग, क्रोम आणि सीटची कव्हरे या पहिल्या वर्षातल्या गोष्टी नव्हेत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेल्या, तेव्हापासून सुट्या भागांचा रोजचा खप उरलेला नाही. तरीही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल शोधता येतो. जुना भाग सोबत घेऊन जावे आणि तो नव्याशेजारी ठेवून जुळवावा, नुसत्या नावावर खरेदी करू नये. डायनॅमो, सेल्फ, दाराची कुलुपे, काचा असे भाग वापरलेले घेतले तरी चालतात. रबराचा कोणताही भाग वापरलेला घेऊ नये.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात ब्रेकपासून करावी. गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावून, जॅकवर नव्हे तर मजबूत स्टँडवर उभी करावी. विटांच्या रचनेवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बरीच वर्षे उभ्या गाडीत शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग, ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. शूचे अॅडजस्टमेंट सैल करून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने फिरवत ठोकत गेल्यास ड्रम सुटतो; बळजबरीने ओढल्यास कड फुटते. ड्रम निघाल्यावर शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकावरची रबरी टोपी नखाने हलकेच उचलून पाहावी. आत कोरडे आणि चकचकीत असेल तर नशीब चांगले आहे. बहुधा मात्र टोपीमागून तपकिरी पाणी ओघळते आणि पिस्टन जागच्या जागी रुतलेला दिसतो, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि खाडीकाठच्या ठाण्यात ओलीला तोटा नाही. सिलिंडरच्या आतील भिंतीवर बोट फिरवून खड्डे लागले नाहीत, तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून नवे रबर किट टाकल्याने भागते. खड्डे असतील तर सिलिंडरच बदलावा. पेडल दाबताच ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला हाच नियम लावावा, चाकाजवळचे लवचीक पाइप मात्र न तपासताच नवे घालावेत. खाचा पडलेले ड्रम वागळे इस्टेटमधल्या लेथवर कातून घेता येतात, पण ड्रमवर कोरलेल्या किंवा मेकॅनिकला ठाऊक असलेल्या मर्यादेपलीकडे कातून पातळ करू देऊ नयेत. जोडणीनंतर डॉट-३ ब्रेक ऑइल भरून मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे येत हवा काढावी. पेडल कठीण लागेपर्यंत पुढचे काम करू नये.

आता इंजिन. चारही प्लग काढावेत, कोणत्या सिलिंडरचा कोणता हे लिहून ठेवावे, आणि प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडून दोन दिवस थांबावे. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडलने इंजिन फिरवून पाहावे. ते हलत नसेल तर हँडलला पाइप जोडून जोर लावू नये. डिझेल आणि गिअर ऑइलचे पातळ मिश्रण आठवडाभर मुरू द्यावे आणि रोज थोडे मागेपुढे करावे. इंजिन मोकळे झाले की जुने ऑइल काढून नवे ऑइल आणि फिल्टर घालावे. जुन्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे असे समजावे. ते दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत गेले आहे आणि हेड गॅस्केट पाहावे लागेल. प्लग बाहेर असतानाच, कॉइलची वायर काढून, सेल्फने इंजिन थोडे थोडे फिरवावे आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत पुढे जाऊ नये. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवण्याचा धोका याच पायरीने टळतो.

पेट्रोलच्या बाबतीत काटकसर करू नये. टाकीतले जुने पेट्रोल संपूर्ण काढावे. हे काम उघड्यावर करावे, स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा तळघरात नव्हे. बॅटरीची वायर आधी सोडवावी आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. टाकी गंजली असेल तर ती उतरवून जाणकाराकडे द्यावी. रिकाम्या टाकीतही वाफ असते, म्हणून तिला घरच्या घरी झाळ लावण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो. कार्बोरेटरचे झाकण उघडले की फ्लोटच्या वाटीत तळाशी मधासारखा चिकट थर आणि त्यावर पांढरट भुकटी दिसते. हा थर कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून ब्रशने काढावा, पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे जेट एकेक करून उजेडाकडे धरून पाहावेत आणि हवेने फुंकावेत. त्यांत तार घालू नये, कारण तारेने भोक मोठे होते आणि मग गाडी आयुष्यभर जादा पेट्रोल पिते. फ्लोट हलवून आत पेट्रोल खळखळते का, हे पाहावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, जे जुन्या रबराला फुगवते आणि पाणी ओढते. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्यावेत, आणि पुढेही गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

वायरिंगमध्ये उंदरांनी काय केले आहे, हे फ्यूज बॉक्सच्या मागे आणि मागच्या सीटखाली टॉर्च लावून पाहावे; कुरतडलेला भाग टेपने गुंडाळण्याऐवजी त्याच जाडीच्या वायरने बदलावा. मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात, त्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) बारीक पेपरने घासावेत, फट फीलर गेजने साधारण ०.४५ मिलिमीटर ठेवावी आणि कंडेन्सर नवाच घालावा. प्लगची फट ०.६ मिलिमीटर पुरते. झाकणाच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्या आहेत, याची खात्री करावी. कोणीतरी पूर्वी चुकवलेला हा क्रम अनेक गाड्यांना निष्कारण गॅरेजमध्ये अडकवून ठेवतो.

रेडिएटर दोन्ही बाजूंनी पाण्याने धुऊन, होज पाइप आणि फॅन बेल्ट नवे घालून, कूलंट भरावे. ब्लॉकच्या कडेला असलेली पत्र्याची गोल बुचे ओलसर दिसतात का, हे पाहावे. पहिल्यांदा इंजिन पेटवताना टाकीऐवजी थोडे ताजे पेट्रोल भरलेल्या धातूच्या कॅनमधून पंपाला पाइप द्यावा, म्हणजे टाकीतला राहिलेला कचरा कार्बोरेटरपर्यंत येणार नाही. इंजिन लागल्यावर एकाने ऑइलच्या दिव्याकडे आणि तापमानाच्या काट्याकडे, तर दुसऱ्याने पंपाकडे आणि पाइपच्या जोडांकडे लक्ष ठेवावे. ओतलेले तेल जळत असल्यामुळे सुरुवातीला निळसर धूर येणारच; तो पंधरा-वीस मिनिटांनंतरही येत राहिला, तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सिलचा विचार नंतर करावा. लगेच इंजिन उघडण्याची गरज नसते, कारण बरीच इंजिने थोडी चालल्यावर सुधारतात.

क्लच प्लेट चिकटली असेल, तर पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून दोन-चार दिवस ठेवल्याने ती बहुधा सुटते. टायरवरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा: ३५०९ म्हणजे २००९ चा ३५वा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर फक्त गाडी हलवण्यासाठी वापरावा, चालवण्यासाठी नव्हे.

नोंदणी संपलेली गाडी तपासणीसाठीही स्वतःच्या चाकांवर नेऊ नये. घोडबंदर रोडच्या किंवा पूर्व द्रुतगती मार्गाच्या रहदारीत नवख्या ब्रेकची परीक्षा घेण्यापेक्षा टोइंगच्या गाडीवर खर्च करणे शहाणपणाचे. त्याआधी सोसायटीच्या आवारात पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये पुढेमागे करून ब्रेक वारंवार दाबून पाहावेत. विमा आणि पीयूसी यांची व्यवस्था आधी करावी. २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बंधनकारक असल्याने तिची मागणी ऑनलाइन नोंदवावी. निरीक्षक दिवे, इंडिकेटर, भोंगा, वायपर आणि हँडब्रेक पाहतात आणि चॅसी क्रमांकाचा पेन्सिल ठसा मागतात. हा क्रमांक जिथे उमटवलेला आहे, ती जागा रॉकेल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावी. सँडपेपर चालवू नये आणि वाचता येणारे अंक नव्या रंगाखाली झाकू नयेत, कारण न उमटणाऱ्या अंकांवर इतर सगळी कामे पूर्ण असूनही अर्ज अडतो.