लाकडी पझल कापायचंय? आधी लाकूड ठरवा, मग ब्लेड

स्क्रोल सॉ मशीन (बारीक ब्लेड वर-खाली चालवून वळणाचे काप घेणारी करवत) घरी आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ब्लेड कुठलं घेऊ? पण ब्लेडचा नंबर लाकडावरून ठरतो आणि लाकूड कसलं पझल करायचंय त्यावरून, त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं "एक चांगलं ब्लेड द्या" म्हणालात तर हाताशी असेल ते पाकीट तुमच्या गळ्यात मारणार. म्हणून एक काम डोळ्यासमोर धरू, महाराष्ट्राचा जिल्ह्यांचा नकाशा, दोन फूट रुंद, पोरांनी फरशीवर पसरून जुळवायचा. जिगसॉ पझलची सुरुवातही नकाशांपासूनच झालीये बरं का, लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात महोगनीच्या पातळ फळीवर नकाशे चिकटवून देशांच्या सीमेवरून कापले होते, मुलांना भूगोल शिकवायला.

आता जिल्हे ३६ आहेत पण तुकडे ३६ करू नका. दोन फुटी नकाशात मुंबई शहर जिल्हा जेमतेम दीड सेंटिमीटर लांब येतो आणि रुंदी त्याहून कितीतरी कमी, तो पहिल्याच दिवशी सोफ्याखाली जाणार नाहीतर कोणाच्यातरी तोंडात. दोन्ही मुंबई ठाण्याला जोडून टाका, ३४ तुकडे झाले, बास. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर साधारण ३२ एमएम व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल असा एकही तुकडा ठेवायचा नाही, लहान मुलांच्या खेळण्यांची तपासणी करतात ती अशाच मापाने.

असल्या नकाशाला लाकूड म्हणजे प्लायच. आख्ख्या फळीत काय होतं की लाकडाच्या रेषा एकाच दिशेने जातात, आणि जिल्ह्यांच्या हद्दी तर कुठेही शेपट्या काढून ठेवल्यासारख्या, त्यातली एखादी शेपटी रेषांना आडवी आली की बोटाच्या दाबाने कट्कन तुटते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ती टिकते. पण प्लाय कुठलाही चालत नाही. स्वस्त कमर्शियल प्लायच्या आत पोकळ्या असतात, ब्लेड तिथे गचकन पुढे जातं आणि तुकड्याच्या कडेला भोक दिसतं ते वेगळंच, मग पुट्टी भरत बसा. बर्च प्लाय मागा, ६ एमएमचा, चांगल्या शीटला कडेने बघितलं तर साधारण पाच थर मोजता येतात, सगळे सारख्या जाडीचे. दुकानदाराला शीट उभी करायला सांगा आणि चारही कडा बघा, वरचा पापुद्रा सगळेच छान लावतात. महाग आहे, पण बरेच जण लेझर कटिंगवाल्यांसाठी छोटे तुकडे करून विकतात, आख्खी शीट घ्यायची गरज नाही.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड, कापायला लोण्यासारखा आहे, हात बसवायला उत्तम, पण पोरांच्या ओल्या हातांनी कडा फुगतात आणि बारीक टोकं सोलून येतात. धूळही वाईट असते त्याची, आत रेझिन असतं, मास्क लावल्याशिवाय मशीन चालूच करू नका. (मास्क तसा सगळ्याच लाकडांना लावायचाय.)

आख्खं लाकूड कधी घ्यायचं? टेबलावर उभे राहणारे प्राणी असतात ना, हत्ती, कासव, चार-सहा जाड तुकड्यांचे, त्याला. तिथे १८-२० एमएमची फळी लागते. आपल्याकडे मिळणाऱ्यात माझी पहिली पसंती शिवण, हलकं, फारसं वाकत नाही आणि कापायला सरळ. हेद मिळाला तर सोडूच नका, पिवळसर, रेषा इतक्या बारीक की पॉलिश पेपर मारला की हात फिरवत बसावंसं वाटतं. स्टीम बीच आणि रबरवुड पण चालतं. सागाचं सगळ्यांना कौतुक, पण सागात सिलिका असते, ती ब्लेडचे दात खाते, घरात उरलेले तुकडे असतील तर वापरा, मुद्दाम विकत आणू नका. शिसवी दिसायला देखणं पण घट्ट, जरा घाई केली की कापाची कड काळी पडते. खोक्यांचं पाईन फुकट मिळतं म्हणून लोक आणतात, त्यात एक रेष मऊ एक कडक, ब्लेड सारखं मऊ रेषेच्या मागे पळतं. फळी कुठलीही असो, हत्तीची सोंड आणि पाय रेषांच्या दिशेने येतील असं चित्र फिरवून घ्या.

आता ब्लेड. आधी आपलं मशीन पिनवालं (टोकांना आडवी पिन असलेलं) ब्लेड घेतं का बिनपिनचं ते बघा. पिनवाली ब्लेडं रुंद असतात, बारीक वळण घेत नाहीत आणि आतून कापायचं असेल तर पिन जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं. पझलसाठी बिनपिनचीच, ५ इंची. स्वस्त मशीनला अडॅप्टर मिळतो, तो घ्या.

नंबर जितका लहान तितकं ब्लेड बारीक. २/० म्हणजे शून्याच्याही खालचा नंबर, सगळ्यात बारीकांपैकी, जाडी साधारण पाव एमएम, ५ नंबर साधारण ०.४ एमएम. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो पण ब्लेड जेवढं जाड तेवढी दोन तुकड्यांमध्ये फट, आणि पझल घट्ट बसतंय का खुळखुळतंय ते त्या फटीवरच. आपल्या नकाशाच्या ६ एमएम प्लायला १ किंवा ३ नंबर. खाचा-गुंड्या असलेलं नेहमीचं जिगसॉ कापायचं असेल तर २/०, तुटतात खूप, पण फट दिसत नाही. १८ एमएम शिवणला ५, आणि शिसवीला ७. दातांचं गणित सोपं आहे, लाकडाच्या जाडीत कायम निदान तीन दात असले पाहिजेत, म्हणजे ६ एमएमला इंचाला १३ तरी दात हवेत, त्याहून कमी असले की प्लाय थडथड उडायला लागतो.

दातांच्या प्रकारात प्लायला रिव्हर्स टीथ घ्या, खालचे थोडे दात उलटे असतात त्यामुळे खालच्या बाजूला कुसळं निघत नाहीत. जाड फळीला स्किप टीथ, त्यात मधला एकेक दात गाळलेला असतो, म्हणून भुसा बाहेर पडतो, कड जळत नाही. स्पायरल, म्हणजे पीळ दिलेलं, ब्लेड कोणी सांगितलं तर पझलला नको, सगळ्या बाजूंनी कापतं हे खरं पण फट इतकी मोठी पडते की तुकडे एकमेकांना धरतच नाहीत. आणि अडलंच तर सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात बारीक करवतीची पाती मिळतात, लांबी जवळपास तीच, पण दात धातूसाठी केलेले, भुशाने लगेच भरतात, ३ एमएम प्लायच्या पुढे नेऊ नका.

ब्लेड लावताना दात पुढे आणि खाली. ताण इतका द्या की बोटाने छेडल्यावर स्वच्छ टण् असा आवाज आला पाहिजे, सैल ब्लेड जाड लाकडात पोटात वाकतं आणि कड फुगीर येते. मग मशीनचं टेबल ब्लेडला काटकोनात आहे का बघा, छोटा गुण्या लावा नाहीतर जाड तुकड्यात अर्धा सेंटिमीटर काप घ्या, तुकडा फिरवून ब्लेडच्या मागून त्याच कापात घालून बघा, न अडकता गेला म्हणजे बरोबर. एक अंश जरी चुकला तरी १८ एमएममध्ये तळाला ०.३ एमएमचा फरक पडतो आणि तुकडा एकाच बाजूने निघतो, दुसरीकडून ढिम्म हलत नाही. बरीच ब्लेडं सरळ रेषेवरही किंचित उजवीकडे ओढतात, बनवताना एका कडेला बारीक कंगोरा राहतो त्यामुळे, फळी थोडी तिरकी धरून ढकलायची, दोन-चार कापात हाताला कळतं.

दोन फुटी नकाशा १६ इंची मशीनच्या (ब्लेडपासून मागच्या दांड्यापर्यंत १६ इंच जागा) दांड्याला अडणारच, म्हणून आधी सह्याद्रीच्या रेषेवरून कोकणपट्टी वेगळी करा, मग विदर्भ, आणि मग एकेक जिल्हा. छापील नकाशा फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. शिसवीसारख्या लाकडावर कापण्याआधी पॅकिंग टेप लावली तर कड कमी जळते.

पावसाळ्याचं मात्र लक्षात ठेवा. आख्खं लाकूड रेषांना आडवं फुगतं, एप्रिलमध्ये टिच्च बसवलेलं पझल जुलैत, विशेषतः कोकणात, ट्रेमधून निघेनासं होतं, त्या बाजूला एक-दीड एमएम जागा सोडा. वार्निशचा थर कडांना देऊ नका, फक्त वरून.

ब्लेड बदलायचं कधी? फळी ढकलायला जोर लागायला लागला किंवा कड काळी दिसली की लगेच, प्लायमधला गोंद दात फार पटकन बोथट करतो. बोथट ब्लेडवर काटकसर करून महागाचा बर्च वाया घालवण्यात अर्थ नाही. पुण्यात प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला बघा, बाकी हत्यारं बोहरी आळीत, मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच, पण बारीक नंबरची रिव्हर्स टीथ ब्लेडं बहुतेक ऑनलाइनच मागवावी लागतात. सुरुवातीला १, ३ आणि ५ नंबर एकेक डझन पुरे, २/० नंतर मागवा.