विंडोज ११ टाकण्याआधी: फाइली डिस्कवर आहेत की ढगात?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अपग्रेड लांबवण्यात अर्थ नाही. पण ‘इन्स्टॉल’वर क्लिक करण्याआधी आपल्या फाइली नेमक्या कुठे आहेत ते बघा.

फाइल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर उघडा. नावाशेजारी निळा ढग दिसला, तर फाइल वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीच्या (क्लाउड, म्हणजेच ‘ढग’), सर्व्हरवर आहे. डिस्कवर नुसतं नाव. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळ्या चिन्हांवर हिरवी टिक येईपर्यंत थांबा आणि मगच बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. चार-पाच फाइली तिथून उघडून पाहा आणि डिस्क काढून ठेवा. सिंकलाच, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवण्यालाच, बॅकअप समजू नका. इकडे डिलीट केलेली फाइल तिकडूनही जाते, आणि वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवसच राहते.

आता मशीन. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालवू शकणारं यूईएफआय (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, बोलीत बायोस), मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप किंवा प्रोसेसरमधली सोय) लागतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप केलं की आवृत्ती दिसते. ‘सापडलं नाही’ असं आलं तरी घाबरू नका. बऱ्याचदा ते बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम हा पर्याय चालू करा.

बायोसला हात लावण्याआधी डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर ‘सस्पेंड’ (तात्पुरतं स्थगित) करा. टीपीएम किंवा बूटची सेटिंग बदलली की सुरू होतानाच ही की मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा गेलाच. मायक्रोसॉफ्ट खात्यात की सेव्ह केली असेल, तर तिची एक प्रत कंपनीकडेही आहे हे लक्षात असू द्या.

अपग्रेडनंतर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘सिंक अँड बॅकअप’ तपासा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचा बॅकअप तुमच्या लक्षात न येता चालू झालेला असू शकतो, आणि मोफत जागा फक्त ५ जीबी. तो बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला, तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शोधा आणि तिथून परत हलवा.

खासगीपणाचं म्हणाल, तर सर्व्हरवर फाइली एन्क्रिप्टेड असतात हे खरं, पण किल्ली कंपनीच्या हातात असते. आधारकार्ड, वैद्यकीय अहवाल, बँकेचे कागद अशा गोष्टींसाठी क्रिप्टोमेटर हे फाइली एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर वापरावं असं आमचं मत आहे. ते प्रत्येक फाइल आणि तिचं नाव तुमच्याच संगणकावर एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे बदललेली फाइल तेवढीच अपलोड होते. फाइलींची संख्या, अंदाजे आकार आणि बदलाची वेळ मात्र लपत नाही. पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी कीही नसेल, तर कुणीच मदत करू शकत नाही. आधी उघड्याच अपलोड केलेल्या प्रती वेबवरच्या रिसायकल बिनमधूनही काढाव्या लागतील.

नवी विंडोज मानवली नाही तर १० दिवसांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथून ‘गो बॅक’ करता येतं. मात्र जागा मोकळी करताना जुनं इन्स्टॉलेशन पुसलंत, तर हा पर्याय उरत नाही.