फ्लाय फिशिंगला जाताय? या चुका टाळा

मलप्रभेत गळ टाकून हात बसलेल्या माणसाला वाटतं, मासा इथला काय अन् हिमाचलचा काय. आम्हा तिघांनाही तसंच वाटलं होतं. खानापूरहून हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी गेलो, गाईड ठरवला, आणि पहिला दिवस झुडपांत अडकलेल्या माशा सोडवण्यात गेला. माशी, म्हणजेच ‘फ्लाय’, हा पिसं-लोकर गुंडाळलेला नकली किडा, आत गळ. गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस त्याला झकास लागतं, हे तिथंच कळलं.

आधी तारखांचं बघा. आपल्याकडचे लोक दिवाळीची सुट्टी धरून बेत आखतात. पण हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते. दिवाळी नोव्हेंबरात आली तर नुसता डोंगर बघून परत यायचं. जुलै-ऑगस्टात पाणी गढूळ. मत्स्य विभागाचा परवाना कोण काढणार, तेही बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

आता सगळ्यात मोठी चूक: जोर लावणं. आपल्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढत लांब जातं. इथं माशीला वजनच नसतं, वजन असतं ते दोरीला. म्हणून दोरी आधी मागे पूर्ण सरळ व्हायला हवी, मगच ती काठीला वाकवते आणि पुढे सुटते. आपण घाई करतो. मागे चाबकासारखा ‘चट्’ आवाज आला की समजा, माशी तुटून गेली. आणि दोरी पुढ्यात शेवयांसारखी गोळा होऊन पडत असेल, तर मनगट मागे फार कलंडतंय. गाईडनं माझ्या काठीची मूठ शर्टाच्या बाहीत खोचली, मनगट हलेना, आणि दहा मिनिटांत दोरी सरळ पडायला लागली. मागे वळून दोरी बघायला लाजू नका. मागे झाड आहे का, तेही त्यातच दिसतं.

माशी नीट पडली तरी मासा बघत नाही, असं होतं. मधला प्रवाह जोराचा असतो, तो दोरीचं धनुष्य करतो आणि माशी पाण्यावर रेघ ओढत पळते. खरा किडा असा पळत नाही, ट्राउटला ते लगेच कळतं. माशी टेकताच काठीचं टोक उचलून दोरीचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवा. गाईड ‘मेंड, मेंड’ ओरडतो तो यासाठीच.

मासा लागल्यावर हिसका देऊ नका. आपल्याकडे दोरीला बांधलेलं तरंगतं पीस बुडालं की काठी खांद्यावरून मागे जाते. तिथला शेवटचा धागा केसासारखा, तट्‌कन तुटतो. ट्राउटला टोक नुसतं उचलायचं. महसीर या दुसऱ्या माशाच्या नदीवर गेलात तर उलटं: काठी खालीच ठेवायची आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढायची. मासा सोडून देणार असाल तर हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडनं दाबून टाकला असेल तर सोडवणंही सोपं.

पाण्यात पाय उचलून चालू नका, घासत चाला. गोल दगड, त्यावर शेवाळ, अन् पाणी बर्फाचं. वेडर, म्हणजे छातीपर्यंतची पाणी न शिरणारी विजार, घातला तर कमरेचा पट्टा घट्ट हवा. पडलात तर पाणी आत भरता कामा नये.

आणि गाईडशी खोटं बोलू नका. ‘याआधी केलंय का?’ असं विचारल्यावर आमचा एक गडी म्हणाला, ‘येतं की.’ गाईडनं त्याला नेऊन उभं केलं ओणव्या झाडाखालच्या अवघड वळणावर. आम्हा दोघा अडाण्यांना मोकळा काठ मिळाला. संध्याकाळी त्याची जेवायची इच्छाच गेली होती. गाईड जागा दाखवतो, चूक सांगतो. मासा लागेलच असं काही नाही. दोन दिवसांत आम्हाला एकूण तीन लागले.

परत आल्यावर नवी काठी घेऊन थेट म्हादईकडे धावायचा मोह होतो. म्हादई उगवते ते भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, तिथं गळ टाकायचं नाव काढू नका. सराव मैदानावर करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. मी रविवारी सकाळी करतो. शेजारचे काका कुंपणापाशी उभे राहून विचारतात, ‘मर्दा, पाणी कुठं हाय?’