इंग्रजी मजकुरातले कॅपिटल : या चुका टाळा

सोलापुरात छपाईचा इंग्रजी मजकूर तपासायचा म्हणजे निम्मं काम टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगचं. मराठीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळं कॅपिटल म्हणजे नुसती सजावट असं नव्या पोरांना वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ कॅप्स लॉकचा. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून टेरी टॉवेलचा अख्खा कॅटलॉग कॅपिटलमध्येच टाइप होऊन आला. ऑपरेटर म्हणाला, "अण्णा, दोन मिनिटाचं काम हाय." सगळं सिलेक्ट करून त्यानं वर्डमधल्या 'चेंज केस'मधलं 'कॅपिटलाइज ईच वर्ड' दाबलं, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं झालं आणि पठ्ठ्या चहाला गेला. इकडं 'जीएसएम'मधला (चौरस मीटरमागं कापडाचं वजन किती ग्रॅम, ते सांगणारा संक्षेप) जी तेवढा मोठा, एस आणि एम लहान. 'एमआयडीसी'ची तीच गत. 'ऑफ', 'अँड', 'द' मात्र वाक्याच्या मधोमध जावयासारखे ताठ. संक्षेप कुठला आणि साधा शब्द कुठला, हे वर्डला कुठून कळणार? एकेक ओळ वाचून दुरुस्त करण्यात संध्याकाळ गेली.

म्हणून मी मजकूर साधाच टाइप करायला लावतो. सगळं कॅपिटल दिसायलाच हवं असेल तर वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. त्यानं फक्त दिसणं बदलतं, पुन्हा दाबलं की मूळ मजकूर परत. संक्षेपांची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली असते.

दुसरी खोड : शीर्षकात शब्द छोटा दिसला की अक्षर लहान. 'इज' दोन अक्षरी असला तरी क्रियापद आहे, 'इट' सर्वनाम. दोन्ही मोठ्या अक्षरानंच. लहान राहतात ते 'ए', 'द', 'अँड', 'ऑफ', 'इन' असले. तेही पहिल्या किंवा शेवटच्या जागी आले की मोठे. 'विथ', 'फ्रॉम' एपी (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या) शैलीत मोठे, 'शिकागो मॅन्युअल' या शैलीपुस्तकात लहान. कुठलीही धरा, पण पान उलटल्यावर बदलू नका. इतकी कटकट नको असेल तर शीर्षकालाही वाक्याचाच नियम लावा : पहिला शब्द आणि विशेषनामं मोठी, बाकी लहान. मला तेच आवडतं.

वार आणि महिने मोठे, ऋतू लहान. 'मी' या अर्थाचा 'आय' कायम मोठा, व्हॉट्सॲपवर काहीही चालो. मालाचं कौतुक म्हणून वाक्यात 'टॉवेल', 'क्वालिटी' मोठं करू नका. 'सोलापुरी' मात्र मोठंच. लग्नपत्रिकेत वळणदार फॉन्टमध्ये नवरा-नवरीचं नाव सगळं कॅपिटल केलं तर ते घरच्यांनाही वाचता येत नाही. 'सिद्धेश्वर टेंपल' या नावातला टी मोठा, पुढच्या वाक्यात नुसतं 'द टेंपल' आलं की लहान.