चंद्रपूरचा परकोट पाहायला जाताना

मूल, सावली, गोंडपिपरीकडच्या गावांमधून कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या कामासाठी चंद्रपूरला येणारा माणूस जटपुरा दरवाजातून आयुष्यभर ये-जा करतो. मात्र शहराभोवतीच्या ज्या परकोटाचा, म्हणजे तटबंदीचा, तो दरवाजा आहे, तो परकोट त्याने पाहिलेला असतोच असे नाही. कामातून उरलेल्या तासाभरात ते होण्यासारखेही नाही. दिवाळी ते महाशिवरात्र या काळातला एखादा रविवार राखून ठेवावा आणि पहिल्या एसटीने निघावे, कारण वाहनांची वर्दळ वाढली की जटपुऱ्यापाशी क्षणभर थांबणेही कठीण होते.

दरवाजाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभे राहून आधी मान वर करावी. गोंड राजांचे चिन्ह तेथे दगडात कोरलेले आहे: सिंहासारख्या एका प्राण्याने हत्तीला पायांखाली दाबले आहे, आणि तो हत्ती इतका लहान आहे की घाईत पाहणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या, म्हणजे लहान वाटा, या परकोटाला आहेत. भिंतीची लांबी दहा किलोमीटरच्या वर असल्यामुळे ती एका दिवसात पायी पुरी करण्याचा हट्ट धरू नये. जटपुऱ्याहून रामाळा तलावाच्या बाजूने बगड खिडकी गाठावी. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 2017 पासून झाडेझुडपे तोडून आणि कचरा उचलून परकोट व बुरूज मोकळे केले; त्याआधी बुरुजावर जाणे म्हणजे काट्यांतून वाट काढणेच होते. तरीही पायात बूट असावेत, मुलांचा हात सोडू नये आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर चढू नये. गवतात साप असतात, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पुढे अंचलेश्वर मंदिराच्या परिसरात गोंड राजांच्या समाध्या आहेत. राणी हिराईने बांधवलेली तिच्या पतीची, राजा बिरशहाची समाधी तेथे निवांतपणे पाहावी. माझ्या मते दरवाजांपेक्षाही तिलाच अधिक वेळ द्यावा. महाकालीचे मंदिर जवळच असल्याने चैत्रातल्या यात्रेचे दिवस मात्र टाळलेले बरे.

1818 मध्ये इंग्रजांनी तोफा लावून हा परकोट फोडला आणि शहर घेतले. शेवटी पठाणपुरा पाहून ऑटोने बसस्थानकावर परतावे. गावाकडच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच चौकशी खिडकीवर विचारून ठेवावी.